तीन दिवसांचा आठवडा : अंधार कोणाच्या वाट्याला?

ब्रिटनमध्ये ऊर्जेच्या टंचाईचे नुसते नाव निघाले, तरी वृत्तपत्रांच्या संग्रहातून तीच ती जुनी छायाचित्रे बाहेर येतात. मेणबत्तीच्या उजेडात टंकलेखन करणारी तरुणी, कंदिलाच्या प्रकाशात गिऱ्हाईकाला सामान मोजून देणारा दुकानदार, अंगावर ब्लँकेट घेऊन कचेरीत बसलेले कारकून. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी तेथील वीज ग्रिडच्या चालकांनी एक इशारा दिला. युक्रेन युद्धामुळे युरोपातील गॅसचा पुरवठा आटलाच, तर हिवाळ्यात तीन-तीन तास आळीपाळीने वीज बंद ठेवावी लागेल, असे त्यात म्हटले होते. तो इशारा प्रसिद्ध होताच हीच छायाचित्रे पुन्हा छापून आली. तो हिवाळा भारनियमनाविनाच पार पडला. पण निदान वृत्तपत्रांच्या पानांवर तरी ब्रिटन १९७४ मध्ये जाऊन आला.

या सामूहिक स्मरणात एक गफलत आहे. लोकांच्या आठवणीतील मेणबत्त्या प्रामुख्याने फेब्रुवारी १९७२ मधील आहेत. रस्त्यावर साचलेले कचऱ्याचे ढीग आणि खोळंबलेले दफनविधी १९७८-७९ च्या हिवाळ्यातील आहेत. या दोहोंच्या मध्ये १ जानेवारी ते ७ मार्च १९७४ असा जेमतेम साडेनऊ आठवड्यांचा काळ येतो. ‘तीन दिवसांचा आठवडा’ म्हणून इतिहासात नोंदला गेलेला काळ तो हाच. गंमत अशी, की त्याची आखणीच मुळी घराघरांतील अंधार टाळण्यासाठी झाली होती. वीज कापायची ती मनमानीपणे नव्हे, तर वेळापत्रक आखून, अगोदर सांगून आणि कारखाने व कचेऱ्या यांच्याकडून आधी, असे ते धोरण होते. शासकीय नियोजन म्हणून पाहिले तर ते बऱ्यापैकी यशस्वी झाले. राजकारण म्हणून पाहिले तर त्याने सरकारच घालवले. हे दोन्ही एकाच वेळी कसे घडले, हा प्रश्न टंचाईच्या प्रत्येक काळात नव्याने विचारण्याजोगा आहे, आपल्याकडेही.

१९७२ चा धडा

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील निम्म्याहून बरीच अधिक वीज कोळशावर निर्माण होत असे. खाणी राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या म्हणजे पर्यायाने सरकारच्या मालकीच्या होत्या. स्वस्त तेलामुळे साठच्या दशकात शेकडो खाणी बंद पडल्या होत्या आणि उरलेल्या खाणकामगारांचे वेतन इतर उद्योगांच्या तुलनेत घसरत गेले होते. ९ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी संप पुकारला. खाणकामगारांचा १९२६ नंतरचा तो पहिला देशव्यापी संप. संपकऱ्यांनी केवळ खाणीच बंद ठेवल्या नाहीत, तर वीज केंद्रे आणि कोळशाच्या वखारींसमोरही पहारे बसवले. १० फेब्रुवारीला बर्मिंगहॅममधील सॉल्टली येथील कोकच्या आगाराबाहेर हजारो कामगार जमले आणि पोलिसांना आगाराचे फाटक बंद करावे लागले. आर्थर स्कारगिल हे नाव देशाला प्रथम ठाऊक झाले ते याच प्रसंगाने.

त्यानंतर अंधार पसरला. काही भागांत दिवसाचे नऊ-नऊ तास वीज जाऊ लागली. सुमारे १२ लाख कामगारांना तात्पुरते घरी बसवण्यात आले. लॉर्ड विल्बरफोर्स यांच्या चौकशी समितीने खाणकामगारांची बाजू न्याय्य ठरवली आणि सरकारला भरघोस वाढ द्यावी लागली. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने या पराभवातून जो धडा घेतला, तो कोळशाच्या साठ्याचा होता. साठा संपेपर्यंत थांबलो म्हणून हरलो. पुढल्या वेळी आधीच काटकसर सुरू करायची, असा तो हिशेब.

पुढली वेळ यायला दोन वर्षेही लागली नाहीत. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त व सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. दहा दिवसांनी आखाती तेल उत्पादकांनी दर ७० टक्क्यांनी वाढवले आणि पाठोपाठ अरब देशांनी उत्पादनकपात जाहीर केली. १ जानेवारी १९७४ पर्यंत तेलाचा भाव शरद ऋतूच्या आरंभी होता त्याच्या सुमारे चौपट झाला. (त्याच नोव्हेंबरात दिल्लीत इंधन दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. संकट एकच होते; त्याची झळ मात्र प्रत्येक देशाला आपापल्या रीतीने लागत होती.) स्वस्त तेलावर भिस्त ठेवून ज्या कोळशाकडे पाठ फिरवली होती, तोच ब्रिटनमध्ये एकाएकी मौल्यवान झाला. अर्थात तो खणून काढणाऱ्यांचे मोलही वाढले.

नेमक्या याच सुमारास हीथ सरकारने महागाईला आवर घालण्यासाठी वेतननियंत्रणाचा तिसरा टप्पा आणला. वाढ ७ टक्के किंवा आठवड्याला सव्वादोन पौंड, याच मर्यादेत. अवेळी काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सवलत होती. ती खाणकामगारांना डोळ्यांपुढे ठेवूनच घातली होती. कारण जुलै १९७३ मध्ये हीथ आणि खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष जो गोर्मली यांची १०, डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत गुप्त भेट झाली होती. पण नियम जाहीर झाले तेव्हा ती सवलत सर्वांनाच खुली करण्यात आली. जे खास आपल्यासाठी राखून ठेवले असे गोर्मली समजत होते, ते साऱ्यांच्या पानात वाढले गेले. संघटनेत आधीच मायकल मॅकगाही यांच्यासारखे जहाल नेते गोर्मलींच्या मवाळपणावर टपून होते. त्यांना समजावण्यासाठी गोर्मलींच्या हाती काही उरले नाही.

१२ नोव्हेंबर १९७३ पासून खाणकामगारांनी जादा तासांच्या कामावर बहिष्कार टाकला. हा संप नव्हता. कामगार ठरलेल्या वेळी कामावर येत होते आणि ठरलेल्या वेळी जात होते. परंतु खाणीतील पंप, पाळणे, वायुवीजन यांची देखभाल शनिवार-रविवारी जादा तासांतच होत असे. ती थांबल्यावर सोमवारी कामगार खाणीत उतरायचे आणि पहिले कित्येक तास दुरुस्तीतच जायचे. संघटनेला संपाचा भत्ता द्यावा लागत नव्हता आणि कोळशाचे उत्पादन मात्र घसरत होते. दुसऱ्याच दिवशी सरकारने आणीबाणीची स्थिती जाहीर केली. हीथ यांच्या साडेतीन वर्षांच्या कारकिर्दीतील ती पाचवी आणीबाणी. शब्द इतक्यांदा वापरला गेला होता, की त्याचा धाकही उरला नव्हता.

वेळापत्रक

१३ डिसेंबर १९७३ रोजी हीथ यांनी पार्लमेंटमध्ये आणि त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून योजना जाहीर केली. डिसेंबरच्या उत्तरार्धात निर्बंधांची रंगीत तालीम झाली आणि नववर्षदिनापासून पूर्ण अंमल सुरू झाला. योगायोग असा, की इंग्लंडमध्ये १ जानेवारीला सार्वजनिक सुटी मिळण्याचे ते पहिलेच वर्ष होते. तीन दिवसांच्या आठवड्याचा पहिला दिवस त्यामुळे सुटीतच गेला.

योजनेचे स्वरूप थोडक्यात असे. बहुतेक उद्योग व कार्यालयांना आठवड्यातून सलग तीनच दिवस वीज वापरता येईल. एका गटाला सोमवार ते बुधवार, दुसऱ्याला गुरुवार ते शनिवार. त्या तीन दिवसांत तास वाढवून काम भरून काढण्यास मनाई. अखंड चालणाऱ्या प्रक्रिया उद्योगांना नेहमीच्या वापराच्या ६५ टक्के वीज. दुकानांना अर्धा दिवस. रुग्णालये, मोठी किराणा दुकाने, वृत्तपत्रांचे छापखाने यांना सूट. कार्यालयांतील उष्णता सुमारे १७ अंशांवर मर्यादित. मोटारींचा कमाल वेग ताशी ५० मैल. पेट्रोलची कुपने छापून वाटलीही गेली. ती वापरण्याची वेळ मात्र आली नाही.

घरांवर सक्ती नव्हती, आवाहन होते. एकच खोली गरम ठेवा, अनावश्यक दिवे मालवा. १७ डिसेंबरपासून दूरचित्रवाणीचे कार्यक्रम रात्री साडेदहाला बंद होऊ लागले. लवकर झोपलेल्या या राष्ट्रात नऊ महिन्यांनी काय होईल, यावर विनोदांना तेव्हा ऊत आला होता. प्रत्यक्षात ब्रिटनमधील जन्मांची संख्या १९७४ मध्येही घसरली आणि त्यानंतरही घसरत राहिली. ऊर्जा राज्यमंत्री पॅट्रिक जेन्किन यांनी दात अंधारात घासण्याचा सल्ला दिला. लगेच एका वृत्तपत्राने त्यांच्याच घराचे छायाचित्र छापले. खिडक्याखिडक्यांत दिवे जळत होते. वीज वाचवण्याच्या साऱ्या पत्रकांवर त्या एका छायाचित्राने पाणी फिरवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण पन्नास वर्षांनंतर पत्रके कोणाला आठवत नाहीत आणि दात घासण्याचा सल्ला आठवतो, हे खरे.

फुटबॉलची गोष्ट सांगण्याजोगी आहे. प्रकाशझोतात सामने खेळवण्यास बंदी आल्याने आठवड्याच्या मधल्या रात्रीचे सामने अशक्य झाले. दुपारी खेळवावेत तर प्रेक्षक कामावर. मग रविवार उरला. ६ जानेवारी १९७४ रोजी केंब्रिज युनायटेड आणि ओल्डहॅम अॅथलेटिक यांच्यात एफए कपचा सामना झाला. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलचा तो पहिला रविवारचा सामना. रविवारच्या पावित्र्याचा जुना कायदा प्रवेशशुल्क घेऊ देत नव्हता. त्यावर क्लबांनी तोड काढली: प्रवेश फुकट, मात्र कार्यक्रमपत्रिका विकत घेतल्याशिवाय आत सोडायचे नाही. चर्चने आणि कायद्याने पिढ्यान् पिढ्या राखलेली एक सीमा कोळशाच्या टंचाईने महिन्याभरात पुसली आणि ती पुन्हा कोणी आखली नाही.

आता मुख्य आश्चर्याकडे वळू. विजेचे दिवस पाचावरून तीनवर आले, म्हणजे ४० टक्के कपात झाली. उत्पादनातील घट मात्र याच्या जवळपासही नव्हती. १९७४ च्या पहिल्या तिमाहीत ब्रिटनचे राष्ट्रीय उत्पन्न अडीच टक्क्यांच्या आसपास घसरले. अर्थव्यवस्थेच्या मानाने हा मोठाच फटका. पण ज्या कोसळण्याची भाकिते डिसेंबरात केली जात होती, ते हे नव्हे. पाच दिवसांचे काम तीन दिवसांत कसे झाले, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. उद्योगांच्या टीकाकारांनी निष्कर्ष काढला, की एरवी दोन दिवस कोणी काम करतच नव्हते. हे विधान चटकदार आहे, म्हणूनच ते टिकले; पण ते पूर्ण सत्य नाही. गोदामातील माल वापरला गेला. वीज लागत नाही अशी बांधणीची, साफसफाईची, हिशेबाची कामे उरलेल्या दिवसांत खिडकीच्या उजेडात उरकली गेली. यंत्रे थांबण्याचा, चहाचा, तंट्याचा वेळ आखडला. शिवाय संकट तात्पुरते आहे हे ठाऊक असले, की माणसे जोमाने काम करतात. तो जोम वर्षभर टिकला असता, असे मानण्यास आधार नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. कपात कोणत्या दिवशी आहे हे आधी कळले, तर कारखाना स्वतःला तिच्याभोवती बसवून घेतो. वीज केव्हाही जाईल अशी टांगती तलवार असेल, तर तेवढ्याच कपातीत नुकसान कितीतरी अधिक होते. महाराष्ट्रातील कोणताही लघुउद्योजक ही गोष्ट आकडेवारीशिवाय सांगू शकेल.

झळ सर्वांना सारखी बसली नाही. मासिक वेतनावरील कर्मचारी थंडीत कुडकुडत का होईना, कचेरीत येत राहिले आणि त्यांचा पगार बहुतांशी शाबूत राहिला. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या कामगाराचे तीन दिवसांचे वेतन आणि उरलेल्या दिवसांचा बेकारभत्ता मिळून पूर्वीइतकी रक्कम होत नव्हती. ज्या संस्थांना सूट होती त्यांत वृत्तपत्रे होती; त्यामुळे अंधाराचे वर्णन उजेडात बसून लिहिले गेले, हेही नोंदवायला हवे.

प्रश्न विश्वासाचा

मग नियोजन इतके नेटके असताना सरकार का पडले? उत्तर वेळापत्रकात नाही, ते वेळापत्रकाच्या हेतूत आहे. निर्बंध कोळसा वाचवण्यासाठी आहेत, असे सरकार सांगत होते. विरोधक आणि कामगार संघटना म्हणत होत्या, की निर्बंध खाणकामगारांविरुद्ध जनमत भडकवण्यासाठी आहेत. प्रत्येक घरातली चूल थंड झाली, की शिव्या खाणकामगारांना बसतील, असा सरकारचा होरा असल्याचा त्यांचा आरोप होता. वीज केंद्रांतील साठा किती, या आकड्यावरून रोज वाद झडू लागले. त्यातच हिवाळा सौम्य निघाला आणि साठा भीतीपेक्षा सावकाश उतरला. जानेवारीच्या मध्यास निर्बंध सैल करून चार दिवसांचा आठवडा करावा का, अशी चर्चा सुरू झाली. आता सरकारची कोंडी झाली. साठा पुरेसा आहे म्हणावे तर एवढा त्रास कशासाठी दिला? अपुरा आहे म्हणावे तर वाटाघाटी का करत नाही?

वाटाघाटींची एक वाट खरोखर उघडली होती. ९ जानेवारी रोजी राष्ट्रीय आर्थिक विकास परिषदेच्या बैठकीत कामगार संघटनांच्या महासंघाने प्रस्ताव मांडला. खाणकामगारांना अपवाद म्हणून अधिक द्या. इतर संघटना आपल्या वाटाघाटींत त्या अपवादाचा दाखला देणार नाहीत. अर्थमंत्री अँथनी बार्बर यांनी तो जवळपास जागच्या जागीच झिडकारला. हा शब्द पाळला गेला असता का, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण नकार इतक्या तत्परतेने आला, की तडजोड सरकारलाच नको आहे, हा समज त्यातून दृढ झाला. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा निर्णायक क्षण हाच. त्यानंतरच्या घटना बऱ्याचशा उतारावरच्या होत्या.

४ फेब्रुवारीला खाणकामगारांच्या मतदानाचा निकाल जाहीर झाला. ८१ टक्के मते संपाच्या बाजूने होती. १० फेब्रुवारीपासून पूर्ण संप सुरू झाला आणि त्याआधीच, ७ फेब्रुवारीला, हीथ यांनी निवडणूक जाहीर करून टाकली होती. प्रचाराचे सूत्र एकच: ब्रिटनवर राज्य कोणाचे, निवडून आलेल्या सरकारचे की संघटनांचे? मतदानाला आठवडा असताना, २१ फेब्रुवारीला, वेतन मंडळाकडील आकडेवारी बाहेर आली. सुटीच्या पगाराची गणना कशी करायची या तपशिलातून असे दिसू लागले, की खाणकामगारांचे उत्पन्न कारखान्यांतील सरासरीहून थोडे अधिक नसून सुमारे आठ टक्क्यांनी कमी आहे. ज्या मुद्द्यावर देश तीन दिवसांवर आणला, त्या मुद्द्यातील बेरीजच वादग्रस्त निघाली.

२८ फेब्रुवारीच्या मतदानात हुजूर पक्षाला मते अधिक मिळाली, जागा मात्र २९७. मजूर पक्षाला ३०१. बहुमत कोणालाच नाही. कोण राज्य करतो या प्रश्नाला मतदारांनी ‘तुम्ही नक्कीच नाही’ असे उत्तर दिले, अशी त्या निकालाची थट्टा तेव्हापासून होत आली आहे. उदारमतवादी पक्षाशी बोलणी फिसकटल्यावर ४ मार्चला हीथ पायउतार झाले. हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने दोन दिवसांत खाणकामगारांशी समझोता केला आणि ७ मार्चला तीन दिवसांचा आठवडा इतिहासजमा झाला. विजय कामगारांचा होता, पण महागाई कोणाच्याच ताब्यात आली नाही. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधील भाववाढीचा दर जवळजवळ २७ टक्क्यांवर पोचला होता.

हीथ यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणखाते सांभाळणाऱ्या मार्गारेट थॅचर यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये पक्षनेतृत्वाच्या लढतीत त्यांना दूर सारले. तीन दिवसांच्या आठवड्याची आठवण सर्वांत नीट जपली ती त्यांनी. पंतप्रधान झाल्यावर १९८१ मध्ये खाणी बंद करण्याचा प्रश्न आला, तेव्हा साठा पुरेसा नाही हे पाहून त्यांनी चक्क माघार घेतली. मग तीन वर्षे वीज केंद्रांच्या आवारात कोळशाचे डोंगर रचले गेले. मार्च १९८४ मध्ये स्कारगिल यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तो तब्बल वर्षभर चालला आणि त्या वर्षभरात संपामुळे देशात वीजकपात झाली नाही. संप मोडला आणि पुढे उद्योगच मोडला. खोल खाणींपैकी शेवटची डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. कोळशावरचे शेवटचे वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थांबले. घराघरांत पुन्हा अंधार होऊ द्यायचा नाही, हा निश्चय पाळला गेला. मात्र त्याची किंमत यॉर्कशायर आणि वेल्समधील खाणगावांनी मोजली आणि ती कोणत्याही वेळापत्रकात आधी छापलेली नव्हती.

आपले वार ठरलेले

आठवडा आखडून ऊर्जा वाचवण्याचा उपाय ब्रिटनबरोबर संपला नाही. गुरी धरणातील पाणी आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये व्हेनेझुएलाने सरकारी कर्मचाऱ्यांचा आठवडा दोन दिवसांवर आणला. जून २०२२ मध्ये श्रीलंकेने इंधनटंचाईमुळे सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारची सुटी दिली आणि परसात भाजीपाला लावण्याचा सल्लाही दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बांगलादेशाने सरकारी कार्यालयांची वेळ सकाळी आठ ते दुपारी तीन अशी केली व शाळांना आठवड्यात दुसरी सुटी जोडली. ब्रिटनमध्ये २०२२ मध्येच ६१ कंपन्यांनी चार दिवसांच्या आठवड्याचा प्रयोग केला आणि बहुतेकांनी तो पुढेही चालू ठेवला. त्या प्रयोगात पगार कापला गेला नव्हता, हा फरक मात्र १९७४ चा दाखला देणाऱ्या उत्साही मंडळींकडून हमखास विसरला जातो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, नवी वीज केंद्रे रेंगाळली आणि जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होईतो मागणी व पुरवठ्यातील दरी हजारो मेगावॉटवर गेली होती. मुंबईत दिवे जळत राहिले. ग्रामीण भागात दहा-बारा तासांचे भारनियमन नित्याचे झाले आणि शेतीपंपांना रात्रीची वीज मिळू लागली. शेतकरी अंधारात, साप-विंचवांच्या भीतीत पिकाला पाणी देऊ लागला. ब्रिटनने कपात उद्योगांवर घातली आणि घरे वाचवली. आपण राजधानी वाचवली आणि गावे अंधारात ठेवली. यापैकी कोणताही निर्णय तांत्रिक नव्हता, जरी दोन्ही तांत्रिक भाषेत जाहीर झाले.

पुढे भारनियमनाचे गट वितरणहानी आणि बिलवसुली यांवर ठरवण्यात आले. जेथे गळती व थकबाकी अधिक, तेथे अंधार अधिक. तत्त्व ऐकायला रास्त आहे. परंतु वीज वाहिनीवरून मोजली जाते, घरावरून नव्हे. त्यामुळे दरमहा बिल भरणारा माणूस शेजाऱ्याच्या आकड्याची शिक्षा भोगत राहिला आणि दाद कोणाकडे मागायची हे त्याला कोणी सांगितले नाही. २००६ मध्ये पुण्यात वेगळी तोड निघाली. कारखान्यांनी स्वतःचे जनित्रसंच चालवून ग्रिडची वीज शहरासाठी मोकळी करायची आणि त्याचा जादा खर्च शहरातील ग्राहकांच्या बिलातून भरून काढायचा. शहर उजळले, याबद्दल वाद नाही. पण ज्या गावांत ना जनित्र होते ना जादा आकार भरण्याची ऐपत, त्यांच्यासाठी या प्रारूपात जागा नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईने भारनियमन पुन्हा दारात आले, तेव्हाही पहिला क्रमांक अधिक गळतीच्या वाहिन्यांचाच होता.

उद्योगांच्या बाबतीत मात्र ब्रिटनच्या ‘सोमवार ते बुधवार, गुरुवार ते शनिवार’ या विभागणीचा एक दूरचा भाऊबंद आपल्याकडे आधीपासून आहे. सर्व कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी सुरू राहिले, तर विजेची मागणी आठवड्यात असमान होते. म्हणून औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुटीचे वेगवेगळे वार ठरवून देण्यात आले. त्याला कामगार आणि मालक दोघेही ‘स्टॅगरिंग’ म्हणतात. येथे आठवडा छोटा झाला नाही, फक्त रविवार हलला. भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अनेक कारखाने आजही गुरुवारी बंद असतात. तेथील कामगारांची मुले रविवारी घरी असतात, वडील गुरुवारी.